भाडेकरूंची मुलं आणि मालकांची 11 महिन्यांची गुपचिळी

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

गेले काही आठवडे तुमच्या पेपरात वाचकांच्या पत्रांमध्ये भाडेकरूंच्या मुलांचा विषय गाजतोय आणि जवळपास सगळ्या पत्रांचा सूर एकच आहे, की भाड्याने राहणाऱ्यांची पोरं बेशिस्त, घर स्वतःचं नाही म्हणून भिंती रंगवतात, लिफ्टची सगळी बटणं दाबून पळून जातात, आईबाप दोघंही ऑफिसात, मग सांगायचं तरी कोणाला. एका गृहस्थांनी तर सरळ सल्लाच दिलाय की लहान मुलं असलेलं बिऱ्हाड ठेवूच नका. (हेच लोक पाच वर्षांपूर्वी म्हणायचे बॅचलर पोरं ठेवू नका. आता राहिलं कोण?) मी स्वतः घरमालकीण आहे, कर्वेनगरला आम्ही पहिल्या मजल्यावर राहतो आणि त्याच बिल्डिंगमधला तिसऱ्या मजल्यावरचा टू बीएचके बरीच वर्षं भाड्याने देतोय, म्हणजे दोन्हीकडच्या तक्रारी माझ्याच दारात येतात. मुलांचा त्रास होत नाही असं मी अजिबात म्हणणार नाही, होतो, आणि चांगलाच होतो. पण या सगळ्या पत्रांत मालक लोक स्वतः काय करतात ते कोणी लिहिलेलं दिसलं नाही म्हणून हे लिहितेय.

मालक काय करतात तर गप्प बसतात. खालच्या मजल्यावरून तक्रार आली की "हो हो, सांगतो त्यांना" म्हणायचं आणि सांगायचं नाही. फारच झालं तर एजंटला फोन करायचा, एजंट भाडेकरूला फोन करून म्हणणार "मालक लय तापलेत बरं का", कशावरून तापलेत ते त्यालाही माहीत नसतं, भाडेकरूलाही कळत नाही, फक्त जिन्यात भेटल्यावर दोघं एकमेकांची नजर चुकवायला लागतात. मग अॅग्रीमेंट संपत आलं की मालकाचा भाचा पुण्यात शिकायला येणार असतो, नाहीतर मुलाचं लग्न ठरलेलं असतं, नाहीतर घर विकायला काढलेलं असतं. भाडेकरू बिचारे सामान बांधतात, आणि पंधरा दिवसांनी त्याच फ्लॅटचा फोटो ऑनलाइन दिसतो, भाडं दोन हजारांनी जास्त. आपल्याला का काढलं हे त्या आईबापांना शेवटपर्यंत कळलेलंच नसतं. मुलगा पुढच्या घरातही तसाच उड्या मारणार, तिथले मालकही तसेच गप्प बसणार. आणि इकडे आपलं काय होतं तर एक-दीड महिना घर रिकामं, परत एजंटचं एका महिन्याचं भाडं, परत रंग. एका दहा मिनिटांच्या बोलण्याची ही किंमत आहे, आणि ती आपण हौसेने भरतो कारण समोरासमोर बसून वाईट बोलायला आपल्याला संकोच वाटतो. ग्रुपवर मात्र आपण वाघ असतो.

आमच्याकडचीच गोष्ट सांगते. आमच्या वरच्या फ्लॅटमध्ये नांदेडकडचं एक कुटुंब होतं, नवराबायको दोघं नोकरीला, पहिलीतला मुलगा, त्याची मोठी बहीण आणि मुलांचे आजोबा. त्यांच्या बरोब्बर खाली दुसऱ्या मजल्यावर ज्या वहिनी राहतात त्यांची मुलगी नर्स आहे, नाइट ड्यूटी करून येते आणि दुपारी झोपते. तर रोज दुपारी दोन-अडीचला वरून धप्प, धप्प, धप्प. वहिनींनी आधी छताला काठी ठोकून पाहिली, मग सोसायटीच्या ग्रुपवर "थर्ड फ्लोअरवाल्यांनी कृपया आपल्या पाल्याला आवर घालावा" असं टाकलं, त्याच्यावर चौदा जणांनी अंगठे दिले, आणि त्या ग्रुपमध्ये थर्ड फ्लोअरवाले नव्हतेच, कारण आमच्या सोसायटीत भाडेकरूंना ग्रुपमध्ये घेत नाहीत. म्हणजे ज्याला सांगायचं त्याला सोडून अख्ख्या बिल्डिंगला सांगून झालं.

मी शनिवारी संध्याकाळी आधी फोन करून वर गेले. मुद्दाम दोघं घरी असतील अशी वेळ विचारून घेतली, कारण नुसत्या आईला गाठून सांगितलं की ती बिचारी एकटीच सगळं ऐकते आणि नवरा नंतर विचारतो काय झालं म्हणून, हे मी अनेक घरांत पाहिलंय. बाप असेल त्याला पण बसवायचं. तर बसल्यावर हळूहळू जे कळलं ते असं, की मुलगा दीडला स्कूलबसमधून येतो, जेवतो, आणि हॉलच्या भिंतीवर बॉल मारून कॅच कॅच खेळतो. घरात असतात फक्त आजोबा, आणि आजोबांना ऐकू कमी येतं! त्यांना तो धप्प ऐकूच येत नव्हता, त्यांच्या मते नातू शहाण्यासारखा गुपचूप खेळतोय. आईबाप येतात सातला, तोपर्यंत सगळं शांत. त्या घरातल्या एकाही मोठ्या माणसाला हा आवाज आयुष्यात कधी ऐकू आलेला नव्हता आणि आम्ही खाली बसून त्यांना "निगरगट्ट" म्हणत होतो.

मग वहिनींनाच सुचलं, त्या म्हणाल्या पोराला खाली आणा. मुलगा आमच्याबरोबर त्यांच्या बेडरूममध्ये उभा राहिला आणि वरून त्याच्या बहिणीने बॉल आपटला. तो छताकडे बघतच राहिला. "हा आपला बॉल आहे?" असं दोनदा विचारलं त्याने. नर्स ताईने त्याला सांगितलं की मी रात्रभर जागी असते आणि या वेळेला झोपते, बास, यापेक्षा जास्त काही लेक्चर नाही. खाली एवढा आवाज येण्याचं कारण साधं आहे, स्लॅबवर वस्तू आदळली की धक्का काँक्रीटमधून थेट खालच्या घरात उतरतो, वर टाइल्स आणि मध्ये मऊ असं काहीच नाही. ओरडण्याचा आवाज हवेतून येतो, त्याला दार-खिडकी लावली की कमी होतो, या धक्क्याला दार-खिडकी काही करत नाही. त्यामुळे उपाय वरच्या जमिनीवरच करावा लागतो. मुलांच्या खोलीत फोमच्या जोडायच्या मॅट, हॉलमध्ये जाडसर सतरंजी, डायनिंगच्या खुर्च्यांच्या पायांना रबरी बूच, हे सगळं आम्ही अर्धं-अर्धं वाटून घेतलं, आणि बॉल पाचनंतर खाली पार्किंगमध्ये. त्यानंतर आवाज साफ बंद झाला असं नाही, पोरगं आहे, विसरतं, पण वहिनी आता काठी न घेता फोन उचलतात आणि वरच्यांना थेट सांगतात, मी मध्ये लागतच नाही.

आता कायद्याबद्दल, कारण पत्रांमध्ये कायद्याच्या नावाने बरंच काही फेकलेलं आहे. आपण ज्यांना भाडेकरू म्हणतो ते आजकाल बहुतेक लिव्ह अँड लायसन्सवर असतात, म्हणजे ठरलेल्या मुदतीपुरती राहायची परवानगी, आणि त्यांना लागू होतो 1999 चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा. जुना भाडेकरू, म्हणजे पागडीवाला वगैरे, त्याच्याबाबतीत कलम 16 मध्ये घर परत मागायची जी कारणं दिलीत त्यात शेजाऱ्यांना उपद्रव हे एक कारण आहेच, आणि तो उपद्रव भाडेकरूने स्वतः केला पाहिजे असं नाही, त्याच्याबरोबर राहणाऱ्या कोणीही केला तरी चालतं. पण ते ठरवायचं कोर्टाने, मालकाने नाही. लायसन्सवाल्याच्या बाबतीत मुदत संपूनही तो उठला नाही तर कलम 24 खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येतं आणि जादा राहिलेल्या काळाचं दुप्पट भाडं मागता येतं. मुदतीच्या आत काढायचं असेल तर अॅग्रीमेंटमध्ये नोटिशीचं जे लिहिलंय त्याप्रमाणे. यात कुठेही "पोरगं दंगा करतं म्हणून नळ बंद करतो" हे बसत नाही, उलट भाडेकरूचं पाणी, वीज, जिन्यातला दिवा, लिफ्ट असलं काही योग्य कारणाशिवाय तोडायला त्याच कायद्याच्या कलम 29 ने मनाई आहे. हे सांगते कारण नळाची चावी फिरवणारे महाभाग मला माहीत आहेत.

पोलिसांची धमकी हा दुसरा प्रकार. एका सोसायटीत (आमची नव्हे) एका पदाधिकाऱ्याने पाच वर्षांच्या मुलीच्या आईला जिन्यात थांबवून "पोलिस कम्प्लेंट करीन" असं सुनावलं, मुलीने पॅसेजमधल्या कुंडीतली माती उकरली म्हणून. सात वर्षांखालच्या मुलाने केलेली कुठलीही गोष्ट गुन्हाच होत नाही, आधी भारतीय दंड संहितेत तेच होतं आणि 1 जुलै 2024 पासून आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 20 मध्येही तेच आहे. पोलिस काय माती उकरल्याचा पंचनामा करणार? आणि आवाजाचे जे सरकारी नियम आहेत, 2000 सालचे, त्यात रहिवासी भागाला दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल अशी मर्यादा आहे, रात्र म्हणजे 10 ते सकाळी 6. आमच्या पुण्याची दुपारची एक ते चारची रात्र त्या नियमात नाही, याचं दुःख मलाही आहे. ती शेजारधर्मानेच सांभाळावी लागते, आणि शेजारधर्म नोटिशीने येत नाही.

सोसायट्यांबद्दल पण बोललंच पाहिजे. आमच्याकडे सहा महिन्यांपूर्वी पार्किंगमधल्या एका गाडीची काच क्रिकेटच्या बॉलने फुटली. मीटिंगमध्ये पहिलं वाक्य काय, तर "भाडेकरूंची पोरं". खेळत होती आठ मुलं, त्यातली पाच मालकांचीच, आणि बॉल कोणाच्या बॅटला लागला होता ते वॉचमनने पाहिलं होतं, तो एका कमिटी मेंबरचाच नातू निघाला, मग विषय एकदम "मुलं आहेत, चालायचंच" इथवर आला. हे मुलांना कळत नाही असं समजू नका. बिल्डिंगमधल्या दहा वर्षांच्या पोराला नीट माहीत असतं की कोण ओनरचा आणि कोण रेंटवाला, हा शब्द त्यांनी आपल्याकडूनच उचललाय. नियम करायचा तर सगळ्यांना एक, पार्किंगमध्ये सीझनचा बॉल नाही, साडेआठनंतर खाली खेळ नाही, लिफ्टमध्ये एकटं जायचं नाही, आणि तो लिहून खालच्या बोर्डावर लावायचा. भाड्याने दिलेल्या फ्लॅटवर सोसायटी नॉन-ऑक्युपन्सी चार्ज घेतेच की, सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांपर्यंत, 2001 च्या सरकारी आदेशाने तेवढंच घेता येतं. पैसे घेताना भाडेकरू गोड आणि त्यांची मुलं खाली उतरली की कडू, असं कसं चालेल.

आता यावर कोणी म्हणेल की ही बाई फारच मऊ आहे. तसं नाही. आवाज वेगळा आणि धोका वेगळा. गॅलरीतून खाली वस्तू फेकणे, गच्चीच्या कठड्यावर चढणे, लिफ्टचं दार उघडं धरून ठेवणे, मीटर रूममध्ये घुसणे, फायरच्या नळीशी खेळणे, यात मी शनिवारची वाट बघत नाही, त्याच संध्याकाळी दार वाजवते आणि स्पष्ट सांगते, की पुन्हा झालं तर लेखी देणार आणि लेखी दिल्यावरही झालं तर घर सोडावं लागेल. मागे एका भाडेकरूंच्या मुलाने तिसऱ्या मजल्यावरून वापरलेले बॅटरी सेल खाली टाकले, खाली भाजीवाल्या मावशी उभ्या होत्या, हातभर अंतराने वाचल्या. तेव्हा मी त्या आईबापांना लेखी दिलं, फोटो काढून, तारीख टाकून, आणि गॅलरीला जाळी आम्ही आमच्या खर्चाने बसवली, कारण लहान मूल राहायला येणार हे मला घर देतानाच माहीत होतं आणि गॅलरीला जाळी हवी हे मालकाचंच काम आहे. गच्चीच्या दाराचं कुलूप कोणाकडे, खिडक्यांना गज आहेत का, हे बघून मगच चावी द्यावी. नंतर पोराच्या नावाने बोंबलण्यात अर्थ नाही.

भिंतींचं म्हणाल तर त्यावर मी लोकांना चार शब्द जास्तच ऐकवते. डिस्टेंपर मारलेल्या भिंतीवर स्केचपेन उमटला की तो पुसता येत नाही, पुसायला गेलं की रंगच निघतो. धुता येणारा इमल्शन मारला तर ओल्या फडक्याने बरंच जातं. आमच्या वरच्या घरात मुलांच्या खोलीत मी चार फुटांपर्यंत सरळ ऑइलपेंट मारून घेतलाय, जुन्या शाळांमध्ये असायचा तसा, नवरा म्हणाला हॉस्पिटल वाटतंय, वाटू दे. डिपॉझिटमधून पूर्ण घराच्या रंगाचे पैसे कापणारे मालक आहेत, एका भिंतीवर पोराने आगगाडी काढली म्हणून. घर देताना प्रत्येक खोलीचे फोटो दोघांनी मिळून काढावेत आणि दोघांच्या फोनमध्ये ठेवावेत, म्हणजे सोडताना भांडण होत नाही.

एक गोष्ट नाजूक आहे पण सांगते. मध्यंतरी आमच्याकडे राहिलेल्या एका कुटुंबातला मुलगा संध्याकाळी किंचाळायचा, खेळताना ओरडतात तसं नाही, वेगळंच, आणि बराच वेळ. बिल्डिंगमध्ये कुजबुज सुरू झाली, कोणी म्हणे मारतात त्याला. मी वर गेले आणि काहीही आरोप न करता एवढंच विचारलं की संध्याकाळी त्याला काही त्रास होतो का, आम्ही काही करू शकतो का. आईच्या डोळ्यात पाणीच आलं, मुलगा स्वमग्न (ऑटिस्टिक) आहे, आणि आधीच्या दोन्ही घरांतून त्यांना काही न सांगता बाहेर काढलेलं, भाचे आणि लग्नं पुढे करून. संध्याकाळी पाण्याची मोटर सुरू झाली की त्याला तो आवाज सहन होत नव्हता. त्यांची परवानगी घेऊन मी फक्त वरच्या-खालच्या घरांना सांगितलं, मोटरची वेळ तो थेरपीला जातो तेव्हाची केली. असं मूल शेजारी असताना "पाल्याला आवर घालावा" या मेसेजने त्या घरात काय होत असेल याचा विचार ग्रुपवर अंगठा देणाऱ्याने करावा.

माझी बहीण न्यू जर्सीला असते, ती सांगते की तिकडे अपार्टमेंटमध्ये मुलं आहेत म्हणून घर नाकारताच येत नाही. 1988 मध्ये त्यांच्या घरांच्या कायद्यात तशी सुधारणा झाली, ज्येष्ठांसाठीच्या खास वसाहती वगैरे काही अपवाद सोडले तर. नियम करता येतात, रात्री शांतता पाळा वगैरे, पण ते सगळ्यांना, फक्त मुलांना म्हणून नाही. आपल्याकडे असा कायदा नाही आणि "फॅमिली ओन्ली, नो किड्स" अशी जाहिरात मी स्वतः वाचलीय. म्हणजे फॅमिली नक्की कोणाची हवीय यांना?

शेवटचा मुद्दा 11 महिन्यांचा, आणि हा मालकांनी कृपया वाचावा. 11 महिन्यांचं अॅग्रीमेंट का करतात विचारलं तर लोक सांगतात, वर्षाच्या आतलं असलं की नोंदणी लागत नाही. हे देशातल्या नोंदणीच्या जुन्या कायद्यावरून आलेलं आहे, आणि आपल्या राज्यात त्याचा काही उपयोग नाही, कारण भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 55 प्रमाणे महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्स कितीही महिन्यांचं असो, लेखी आणि नोंदवलेलंच पाहिजे, ती जबाबदारी मालकाची, नाही केलं तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. मग 11 कशाला? या 11 च्या हिशेबाने जूनमध्ये सुरू झालेलं अॅग्रीमेंट एप्रिलमध्ये संपतं, पुढचं मार्चमध्ये, त्याच्या पुढचं फेब्रुवारीत, असं सरकत सरकत बरोबर परीक्षेच्या तोंडावर किंवा शाळेच्या मधल्या वर्षात येतं. आणि मालकाने तोपर्यंत तोंड उघडलेलं नसतं, त्यामुळे मुलाची शाळा, रिक्षावाले काका, मित्र सगळं अर्ध्या वर्षात सुटतं. शाळा जूनच्या मध्याला उघडतात, तर अॅग्रीमेंट मे अखेरीला संपेल असं करावं, 12 चं करा, 24 चं करा, पहिल्या वेळी मधल्या महिन्यापासून असेल तर 17 चं करा, नोंदणी तर ऑनलाइन तशीच होते आणि खर्च फार वाढत नाही. आम्ही गेल्या वेळेपासून असंच करतोय. एजंट आधी कुरकुरला, त्याला दर 11 महिन्यांनी रिन्युअलचे पैसे मिळतात ना.

आपली नम्र,
एक घरमालकीण, कर्वेनगर, पुणे